बोलेरो पिकअपला मागचे शॉकअप कोणते टाकावे? साधे, गॅसवाले का हेवी ड्युटी

टोमॅटो_जुन्नर

नमस्कार मंडळी. गाडी बोलेरो पिकअप १.७ टन, २०१९ ची, एक लाख चाळीसच्या पुढं पळालीय. काम म्हणजे सीझनला नारायणगाव मार्केटवरनं टोमॅटो वाशीला, आळेफाटा, माळशेज उतरून कल्याणमार्गे. बाकीचे दिवस खत, चारा, कधी कोणाचं घरसामान.

मागचा डावा शॉकअप ऑईलनं पूर्ण ओला झालाय, त्यावर धूळ बसून काळा लेप तयार झालाय. उजवा कोरडा आहे पण त्याच्यात दम वाटत नाही. भरलेली गाडी खराब पॅचवर आली की मागनं झुलायला लागते, एक मोठा खड्डा बसला की तीन-चार हेलकावे खाऊनच शांत होते, आणि रिकामी येताना बरोबर उलटं, हौदा नुसता थडथड आपटतो, फाळक्याच्या कड्या वाजून डोकं उठतं. मागच्या टायरवरनं हात फिरवला तर उंच-खोल लागतंय, म्हणजे टायर पण खायला लागलाय. हे शॉकअप मागं एकदा बदललेले लोकल मेकचे आहेत, फार दिवस चालले नाहीत.

आता तीन ठिकाणी विचारलं तर तीन उत्तरं मिळाली. शोरूमवाला म्हणतो जेन्युइनच टाका. नाना पेठेतला दुकानदार म्हणतो साध्याचा जमाना गेला, गॅसवाले घेऊन जा, जोडीमागं थोडे जास्त जातील पण माल झेलतात. आणि आमच्या इथला पाटेवाला (पाटे म्हणजे ॲक्सलवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) म्हणतो एक पाटा वाढव, वर हेवी ड्युटी शॉकअप टाक, पाच वर्ष बघायला नको.

कोणाचं ऐकू? आणि मागचे दोनच बदलू का चारही? कॅरेट सीझनला शंभर-एकशेदहा असतात हे पण सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही ते विचारणारच.

---

बबड्या९०

पहिलं माळशेजचा रस्ता बदला, शॉकअप आपोआप टिकतील 😄

---

गॅरेजवाला_संगमनेर

दादा, शॉकअपचं नंतर बघू, आधी गाडी सपाट जागेवर लाव, मागनं जॅक मार, चेसीखाली दोन्ही बाजूला घोडी (गाडी पेलणारा स्टँड) लाव (नुसत्या जॅकवर खाली शिरू नको, हे सांगायची गरज नाही पण सांगतो) आणि वायर ब्रश घेऊन पाट्यांवरचा चिखल साफ कर. मेन पाटा आणि त्याच्या खालचा दुसरा, हे दोन नीट बघायचे. तडा गेला असला तर तिथं तांबूस गंजाची बारीक रेघ दिसते, अगदी केसाएवढी, आणि ती बहुतेक यू बोल्टच्या (पाटे ॲक्सलला आवळून धरणारे बोल्ट) बाजूला नाहीतर डोळ्याच्या (पाट्याचं गोल वळवलेलं टोक) वळणावर असते. मग शॅकलचे (पाट्याचं टोक चेसीला जोडणारी हलती कडी) बुश म्हणजे आतले रबर, पहार घालून शॅकल हलवून बघ, इकडंतिकडं खेळतंय म्हणजे बुश गेले. मग यू बोल्ट ओढून बघ. सेंटर बोल्ट तुटला असला तर पाटे एकमेकांवर सरकलेले दिसतात, ॲक्सल एका बाजूला थोडा मागं गेलेला असतो, गाडी सरळ चालवताना पण तिरपी पळतीय असं मागनं येणारा सांगतो. आणि शॉकअपचं वरचं ब्रॅकेट जिथं चेसीला आहे तिथं पण तडे बघ, ओव्हरलोड गाड्यांना तिथं जातोच.

हे एवढं कशाला, तर निम्मे लोक माझ्याकडं येतात शॉकअप गेला म्हणून आणि असतं बुश. आवाजावरनं पण कळतं. हळू चालवताना खट खट वाजतंय तर बुश नाहीतर शॉकअपचं रबर. मोठ्या खड्ड्यात धाड करून वाजतंय तर पाटे बसलेत आणि ॲक्सल बंप स्टॉपच्या (ॲक्सल चेसीला आदळू नये म्हणून असलेला ठोकळा) रबराला टेकतोय, त्याला कुठलाच शॉकअप काही करू शकत नाही. आवाज नाही पण झुलतीय, तर मात्र शॉकअप.

तुझा डावा मेलाय यात शंका नाही, ओलाचिंब म्हणजे सील गेलं. उजव्याची खात्री करायची असेल तर खराब पॅच ओलांडून दहा-पंधरा मिनिटं चालवून थांब आणि उलट्या हातानं दोन्ही शॉकअपच्या नळीला हात लाव. जो काम करतोय तो गरम असतो, कधीकधी चांगलाच चटका देतो, जो गार आहे तो नुसता लोंबकळतोय. फक्त सायलेन्सरच्या जवळचा असेल तर फसशील, ते ध्यानात ठेव.

मागचा उडी मारून दाबून बघायचा प्रकार, हौद्यावर चढून दोघंतिघं दाबतात ना, तो पाट्याच्या गाडीला काही कामाचा नाही. रिकाम्या गाडीला पाटे एकमेकांत घासूनच जागेवर थांबतात, शॉकअप काढून ठेवला तरी दाबून काही कळणार नाही.

बदलायचे तर एका ॲक्सलचे दोन्ही. एक नवा एक जुना कधीच नाही, वळणावर गाडी एका अंगाला वेगळी वागते. पुढचे कोरडे असतील, रबर धड असतील आणि पुढचे टायर सारखे झिजत असतील तर राहू दे, उगाच खर्च कशाला.

मेक म्हणशील तर मी कंपनीचा जेन्युइन नाहीतर गॅब्रिएल बसवतो. गॅब्रिएल आपल्या इथलीच, १९६१ पासूनची, चाकणला नाशिकला प्लांट आहेत, माल कुठंही मिळतो. मोनरो पण बसवलेत गिऱ्हाईकाच्या सांगण्यावरनं, तक्रार नाही. पण नाव काहीही असू दे, चेसी नंबर सांगूनच पार्ट काढ. बोलेरो पिकअप म्हणून दहा प्रकार पळतात, १.३, १.७, कॅम्पर, फोर बाय फोर, कुठल्याला पुढं पाटे कुठल्याला कॉइल, दुकानदार नुसतं बोलेरो ऐकून जे हाताला लागेल ते देतो, डोळे बसतात म्हणून बसवून पण टाकतात, आणि लांबी वेगळी निघाली की नवा शॉकअप आतनं ठोकून महिनाभरात रिकामा.

---

कांदा_लाईन

आमच्याकडं लासलगाव, पिंपळगावच्या कितीतरी गाड्यांना मागं शॉकअपच नाहीत. गेला की काढून ठेवतात, ड्रायव्हर तसेच पळवतात. पाटे आहेत की. कशाला एवढं डोकं लावता.

---

डॅम्पर_चाकण

मी चाकणला सस्पेन्शनच्या टेस्टिंगमध्ये काम करतो (कंपनीचं नाव विचारू नका), रोज मशीनवर शॉकअप वर-खाली करून त्यांचे ग्राफ बघणं हाच धंदा आहे, म्हणून थोडं लांबलचक लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

नाना पेठेतल्याचं वाक्य आधी घेतो, की गॅसवाले माल झेलतात. कुठलाच साधा शॉकअप माल झेलत नाही, गॅसवाला असो की बिनगॅसचा. वजन पाटे उचलतात. शॉकअपचं काम एकच, पाटा दबून परत उसळतो तेव्हा त्या उसळीचा जोर ऑईल बारीक भोकांतनं ढकलून उष्णतेत घालवायचा. गॅरेजवाल्यांनी हात लावून बघायला सांगितलं ते म्हणूनच. मग गॅस कशाला? खराब रस्त्यावर पिस्टन सारखा पळत राहिला की ऑईलमध्ये बुडबुडे होतात, ताकासारखा फेस, आणि फेस भोकातनं सहज निघून जातो, म्हणजे शॉकअप बसल्या जागी ढिला. आत कमी दाबाचा नायट्रोजन भरला की फेस लवकर होत नाही. एवढाच फायदा, पण तुझ्यासारख्या सलग तासभर खड्ड्यातनं चालणाऱ्या गाडीला तो फायदा खरा आहे. तेव्हा गॅसवाला घे, फक्त माल जास्त बसेल या आशेनं घेऊ नको.

गॅसवाल्यात परत दोन प्रकार. ट्विन ट्यूब म्हणजे नळीत नळी, आणि मोनोट्यूब म्हणजे एकच जाड नळी, तिच्यात गॅसचा दाब बराच जास्त असतो. मोनोट्यूब लवकर थंड होतो, हाताला चांगला वाटतो, फोर बाय फोरवाले त्याचं फार कौतुक करतात. पण त्याचा पिस्टन सरळ बाहेरच्याच नळीला घासून चालतो, त्यामुळं शेतातल्या रस्त्यावर दगड उडून नळीला एक खोक पडली तरी पिस्टन तिथं अडकणार, खेळ खल्लास. ट्विन ट्यूबला बाहेरून खोक पडली तरी आतली नळी शाबूत राहते. खत-चारा वाहणाऱ्या गाडीला मी ट्विन ट्यूब गॅसच सांगेन. केवायबी कंपनीचं घेतलं तर एक्सेल-जी म्हणजे ट्विन ट्यूब आणि गॅस-अ-जस्ट म्हणजे मोनोट्यूब, दुकानदार दोन्हीला गॅसवालाच म्हणतो, म्हणून विचारून घ्यायचं.

आता तुझी खरी अडचण. रिकामी गाडी थडथडते आणि भरलेली झुलते, दोन्ही तक्रारी एकाच शॉकअपच्या, आणि नवा टाकला तरी दोन्ही पूर्ण जाणार नाहीत. कारण असं की मागच्या पाट्यांवर झुलणारं वजन चौपट झालं की त्याच शॉकअपचा धाक (हेलकावा थांबवायची ताकद) निम्मा होतो. तुझ्या गाडीला रिकामं आणि शंभर कॅरेट यात जवळपास तेवढाच फरक पडतो. कंपनी मधला कुठला तरी आकडा धरते, पासिंगच्या (कागदोपत्री मंजूर) वजनाला बरा आणि रिकाम्याला सहन होईल असा. हेवी ड्युटी टाकलास तर भरलेली गाडी बरी बसेल पण वाशीहून रिकामी येताना कमरेचे हाल. वर पाटा वाढवलास तर पाटे कडक झाले, म्हणजे उसळी जास्त जोरात, म्हणजे आहे तो शॉकअप आणखी कमी पडणार. पाट्यांचा कडकपणा २० टक्के वाढला तर शॉकअपचा धाक अंदाजे नऊ टक्क्यांनी उतरतो. पाटा वाढवून गाडी झुलायची थांबते असं वाटतं कारण ती बसायची थांबते, ते दोन वेगळे प्रश्न आहेत.

कांदा_लाईन, तुमचं निम्मं बरोबर आहे, पाटे एकमेकांवर घासतात त्या घर्षणानं हेलकावा थोडा मरतो, म्हणून जुन्या जाड पाट्यांच्या ट्रका तशा पण चालून जायच्या. पण शॉकअप नसलेलं चाक खराब रस्त्यावर जमिनीवर टेकून राहत नाही, उडत राहतं, आणि उडालेल्या चाकाला ब्रेक लागत नाही. सरळ रस्त्याला कळणार नाही, घाटात उतारावर वळणात ब्रेक मारताना कळेल.

---

कांदा_लाईन

साहेब ग्राफ तुमचा बरोबर असंल पण गाडी मालकाची असती अन् पैसे पण मालकच देतो, ड्रायव्हरला कोण विचारतंय. मालकाला सांगितलं तर म्हणतो पुढच्या सीझनला बघू.

---

व्हीक्रॉस_सातारा

माझी गाडी डी-मॅक्स व्ही-क्रॉस आहे, पुढं कॉइल मागं पाटे, त्यामुळे सरळ तुलना नको, पण शॉकअपवर बराच पैसा घातलाय म्हणून लिहितो. मी मोनोट्यूब टाकले आणि हायवेला फरक जबरदस्त आहे, कास पठाराच्या रस्त्याला गाडी अंगावर येत नाही. पण माझी गाडी कायम जवळपास रिकामीच असते, मागं एक तंबू आणि सामान, दीडशे किलो सुद्धा नसेल. त्या हिशोबानं घेतलेला शॉकअप टोमॅटोच्या गाडीला कशाला सांगायचा. नॉब फिरवून कडक-मऊ करता येणारे पण असतात, रँचो कंपनीच्या ९००० ला नऊ टप्पे आहेत, रिकामं-भरलेलं या भानगडीला उत्तर म्हणून ऐकायला भारी वाटतं, पण वाशीत पहाटे माल उतरल्यावर कोण खाली झोपून नॉब फिरवणार.

एक मात्र माझ्या अनुभवातनं. लांबी स्वतः टेप लावून मोज, दुकानदाराच्या कॅटलॉगवर सोडू नको.

---

टोमॅटो_जुन्नर

डॅम्पर_चाकण भाऊ, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं, आभारी आहे. म्हणजे पाटा वाढवूच नको का? पाटेवाला तर म्हणतो सगळे वाढवतात. आणि लांबी मोजायची म्हणजे नेमकी कुठून कुठं?

---

गॅरेजवाला_संगमनेर

सगळे वाढवतात हे खरंय, माझ्या इथं पण आठवड्याला येतात. पण दोन गोष्टी कोणी सांगत नाही.

पहिली म्हणजे ब्रेक. गाडीच्या मागं ॲक्सल आणि चेसीच्या मध्ये एक दांडी असलेला वॉल्व असतो, एलएसपीव्ही म्हणतात, सगळ्या मॉडेलला नसतो, तुझ्याला आहे का खाली वाकून बघ. हौदा किती बसलाय त्यावरनं तो ठरवतो मागच्या चाकांना ब्रेकचा दाब किती सोडायचा. पाटा वाढवला की माल भरून पण हौदा उंचच, वॉल्वला वाटतं गाडी रिकामी, मागचा ब्रेक कमी सोडतो. माल दोन टनाचा आणि ब्रेक रिकाम्या गाडीचा, आणि पुढं माळशेज. पाटा वाढवणाऱ्या कुठल्याच पाटेवाल्यानं ती दांडी सेट करून दिलेली मी तरी बघितली नाही.

दुसरी म्हणजे हिशोब. कॅरेट २० किलोचं धर, वर प्लास्टिकचं स्वतःचं दीड-दोन किलो, म्हणजे शंभर-एकशेदहा कॅरेट झाले बावीस-चोवीस क्विंटल. पासिंग सतराचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली ओव्हरलोडला सरळ २०,००० आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००, शिवाय जादा माल तिथंच उतरवायला लावतात ते वेगळंच. एकदा भुईकाट्यावर भरलेली गाडी घालून बघ, मागचा ॲक्सल वेगळा काट्यावर घेता आला तर तो पण घे. मी काय आरटीओचा माणूस नाही, कसं भरायचं ते तू बघ. पण ऐंशी कॅरेटची गाडी आणि एकशेदहाची गाडी यांच्या शॉकअपच्या आयुष्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. जास्त मालानं हौदा बसला की शॉकअप आधीच निम्म्याहून दबलेला असतो, त्याला खेळायला जागाच उरत नाही, प्रत्येक खड्ड्याला तळ ठोकतो.

जुने पाटे चपटे झाले असतील तर नवा वाढवण्यापेक्षा आहे त्यांचा आर्च बघ. उजव्या-डाव्या बाजूची उंची मोज, मडगार्डच्या काठापासनं चाकाच्या मधापर्यंत. एका बाजूला कमी आली तर तो सेट थकला. त्यातला तुटका पाटा बदल, पाट्यांच्या मधले रबर-क्लिप बदल, यू बोल्ट नवे टाक. ताणलेला यू बोल्ट परत वापरायचा नाही.

---

डॅम्पर_चाकण

लांबीचं सांगतो. गाडी सपाटीला, रिकामी उभी. शॉकअपच्या वरच्या बोल्टच्या मध्यापासनं खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत टेप धर, हा पहिला आकडा. नेहमीचा माल भरून परत तोच आकडा घे. तिसरा, ॲक्सल ज्या बंप स्टॉपला टेकतो त्यात आणि ॲक्सलमध्ये रिकाम्या गाडीला किती अंतर आहे ते मोज आणि पहिल्यातनं वजा कर. शॉकअप तिरका बसवलेला असतो त्यामुळं हे थोडं इकडंतिकडं होतं पण अंदाजाला पुरतं.

समजा रिकामी १७ इंच आली, भरलेली १४ आणि बंप स्टॉपला टेकल्यावर १२. तर नवा शॉकअप पूर्ण दाबल्यावर साडेअकरा किंवा त्याच्या आतच असला पाहिजे. तो १२ च्या वर असला तर बंप स्टॉप काम करायच्या आधी शॉकअपच तळ गाठणार, म्हणजे आतला पिस्टन-वॉल्व चेचणार नाहीतर ब्रॅकेट उपटणार. आणि उलट्या बाजूला, चेसी घोडीवर घेऊन जुना शॉकअप काढून ॲक्सल हळूहळू खाली सोड, ब्रेकचा पाईप ताणायच्या आधी थांब, तिथं जो आकडा येतो त्याच्या जवळपास शॉकअपची पूर्ण उघडी लांबी हवी. पाटा वाढवलेल्या गाडीत हीच बाजू मार खाते, गाडी उंच झाली, शॉकअप तेवढाच, रिकामी उडी मारली की वरच्या टोकाला खटकन ओढला जातो. हेवी ड्युटी घेतलास आणि लांबी चुकली तर साध्या जेन्युइनपेक्षा आधी मरेल.

काही पिकअपना मागचा एक शॉकअप ॲक्सलच्या पुढं आणि दुसरा मागं असा उलटसुलट लावलेला असतो. ब्रेक मारताना आणि वेग घेताना ॲक्सल पिळवटतो तो धरायला मुद्दाम तसं केलेलं असतं, कोणी चुकीचं लागलंय म्हणून सारखं करायला गेला तर करू देऊ नको.

---

बबड्या९०

आमच्या चौकात एकजण जुन्या शॉकअपमध्ये ऑईल भरून सील बदलून देतो, नव्याच्या पावपट पैशात. काळा चकचकीत रंग पण मारून देतो. तो चालेल का, सिरीयसली विचारतोय.

---

डॅम्पर_चाकण

नको. सील बदलता येतं पण रॉडवर क्रोमला एकदा ओरखडे पडले की नवं सील पण चार दिवसात कापतं, आतले वॉल्व झिजलेले तसेच राहतात, गॅस तर भरतच नाहीत, आणि ऑईल म्हणून काय घालतात ते त्यालाच माहीत, काही ठिकाणी सरळ इंजिन ऑईल. मशीनवर असा एक लावून बघितला होता, वर ओढायला कडक आणि खाली दाबायला पंपासारखा मोकळा. हाताला कडक लागतो म्हणून गिऱ्हाईक खूश होऊन जातं.

---

व्हीक्रॉस_सातारा

डुप्लिकेटचं पण बघा. एमआरपीचं स्टिकर, होलोग्राम, पार्ट नंबर बॉक्सवर आणि नळीवर सारखाच आहे का. पक्कं बिल घ्या, वॉरंटी त्याच्यावरच आहे. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासनं गाडीच्या पार्ट्सवर जीएसटी सरसकट १८ टक्के झालाय, आधी बऱ्याच पार्ट्सला २८ होता, तर जुन्या स्टिकरचा भाव दाखवून कोणी पूर्ण एमआरपी मागत असेल तर घासाघीस करायला हरकत नाही.

---

टोमॅटो_जुन्नर

काल गाडी घोडीवर घेतली. डाव्या बाजूचा दुसरा पाटा यू बोल्टच्या अगदी शेजारी तडकलाय, तुम्ही म्हणाला तशीच तांबडी रेघ, चिखलाखाली कधीच दिसली नसती. शॅकलचे बुश दोन्ही बाजूचे संपलेत, आतलं रबर हातानं भुगा होऊन आलं. डावीकडची उंची उजवीपेक्षा पाऊण इंच कमी. मागच्या टायरचं उंच-खोल पण डाव्यालाच जास्त. एलएसपीव्ही आहे, दांडी चिखलानं जाम झाली होती.

पुढचे शॉकअप कोरडे आहेत, ते राहू देतो.

तर ठरवलंय असं, तुटका पाटा बदलून तेवढेच पाटे ठेवायचे, वाढवायचा नाही. सगळे बुश आणि यू बोल्ट नवे. मागं ट्विन ट्यूब गॅसचे, चेसी नंबरवरनं जो पार्ट नंबर निघतो त्याच लांबीचे, हेवी ड्युटी नाही. पाटेवाला नाराज झाला, म्हणाला सीझनला परत येशील. बघू. कॅरेटचं व्यापाऱ्याशी बोललोय, ऐंशी-पंच्याऐंशीवर ठेवू म्हणालो तर तो म्हणतो मग भाडं पण तेवढंच, त्यावर अजून तोंडं वाकडी आहेत दोघांची.

बसवताना काही काळजी घ्यायची का? आमचा मेकॅनिक पोरगा आहे, हुशार आहे पण घाई फार करतो.

---

डॅम्पर_चाकण

बॉक्समध्ये आडवा पडून राहिलेल्या ट्विन ट्यूबमध्ये गॅस आणि ऑईल मिसळलेलं असतं. बसवायच्या आधी उभा धर, रॉड वर, जसा गाडीला लागणार तसा, आणि पूर्ण दाबून पूर्ण उघडून पाच-सहा वेळा चालव. सुरुवातीला मध्ये एखादा मोकळा झटका लागतो, तो गेला की लगेच लाव, परत आडवा ठेवू नको. ट्विन ट्यूब उलटा तर कधीच लावायचा नाही. आणि रॉडला पक्कड लावून धरू देऊ नको त्या पोराला, क्रोमवर एक दात उमटला की सील गेलंच समज.

---

गॅरेजवाला_संगमनेर

पोराला सांग गाडी घोडीवर असताना शॉकअपचे आणि शॅकलचे बोल्ट नुसते लावून ठेव, शेवटचा पाना मारायचा नाही. गाडी चाकांवर खाली घे, हौदा आपल्या जागेवर बसू दे, आणि मग ओढ. लोंबकळत्या ॲक्सलवर घट्ट केलं की बुशाचं रबर त्याच जागी धरतं आणि गाडी खाली आली की कायम पिळलेलं राहतं, वर्षाचं बुश तीन महिन्यात फाटतं. सगळे घाईवाले तिथंच चुकतात. जुने वायसर आणि चेकनट परत वापरू नको, नवीन शॉकअपबरोबर रबर आलं असेल तर जुनं रबर अजून चांगलं आहे म्हणून ठेवू नको.

एलएसपीव्हीची दांडी मोकळी करून ग्रीस मार, आणि ज्याला येतं त्याच्याकडनं एकदा सेट करून घे. टायरचं उंच-खोल नव्या शॉकअपनं भरून येणार नाही, आवाज करत राहील, म्हणून शॉकअप खराब निघाला समजू नको. जमलं तर तो टायर स्टेपनीला टाक.

यू बोल्ट पाचशे किलोमीटरनं परत ओढायचे, माल भरलेला असताना. जुने शॉकअप दुकानात सोडून येऊ नको, बबड्याच्या चौकातला तो माणूस रंग मारून परत कोणाला तरी विकतो. रॉड घणानं वाकव आणि मग भंगारात घाल.